रिकामी गव्हाण आणि आईचा बाळकृष्ण

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ दे, तुम्ही हसणारच. आमच्या चाळीतली निम्मी माणसं मला बघून अजून हसतात, मग तुम्ही काय सोडणार? चहा बशीत ओता आणि ऐका. मी एकदा बाळ येशूला बंबात घातलं.

म्हणजे घातलं नव्हतं हो. पण घातलं अशी माझी पक्की खात्री झाली होती, आणि त्या खात्रीपायी मी जे काही करून बसलो, त्याला अक्कल गहाण ठेवणं याशिवाय दुसरा शब्द नाही.

तेव्हा मी विशीतला. लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. मिलमध्ये बदलीवर होतो, म्हणजे कुणी गैरहजर राहिला तर मला काम, नाहीतर घरी. घरी बसून मी काय करायचो? मखरं! अख्ख्या चाळीच्या गणपतीचं मखर माझ्या हातचं. श्रावणात मूर्तिकाराच्या कारखान्यात शाडूचे गणपतीही वळायचो. पुठ्ठा, खळ, रंगीत कागद आणि थोडी वायर द्या, मी तुम्हाला कैलास पर्वत उभा करून देतो. एका वर्षी मी मखरात कारंजं केलं होतं, त्याचं पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या वरणात पडलं. पण कारंजं चाललं होतं, ते कुणी बोलत नाही.

आमच्या मजल्याच्या टोकाला पास्कूकाका राहायचे. मालवणकडचे ख्रिस्ती, आम्हीही मालवणकडचेच, त्यामुळे गाववाले. काका आमच्याच मिलमध्ये फिटर. मितभाषी माणूस, चेहरा कायम गंभीर, पण बोलला की समोरचा आडवा. त्यांची बायको रोजीकाकी. माझी आई आणि रोजीकाकी नळावर भांडायच्या, नळावरच समेट करायच्या, आणि एकीच्या घरात मासळी आली की दुसरीच्या घरात कालवण जायचं.

फक्त नाताळात काका-काकी चाळीत नसायचे. दर वर्षी माझगावला काकीच्या भावाकडे जायचे. तिथे मोठं घर, सगळा गोतावळा, काकीचं माहेरच ते. पण त्या वर्षी गोची झाली. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीत पोरंसोरंसुद्धा घोषणा देत लपंडाव खेळायची. पास्कूकाका तर सत्याग्रहात माझ्या बाबांबरोबर आत जाऊन आलेले. आणि काकीच्या भावाचं म्हणणं, मुंबई वेगळीच राहिलेली बरी. जेवणाच्या टेबलावर मेहुण्या-मेहुण्यांची अशी जुंपली की काका अर्ध्या ताटावरून उठले आणि त्या घराची पायरी चढणार नाही म्हणाले. मुंबईचा निकाल लागायचा तेव्हा लागणार होता, पण रोजीकाकीचं माहेर त्याआधीच तुटलं.

डिसेंबर लागला तशी काकी गप्प गप्प राहायला लागली. आईच्या ते लक्षात आलं. आईने विचारलं तेव्हा काकी म्हणाली की यंदा नाताळ चाळीतच, पण कुणासाठी करायचा? आपल्या घरचं चाळीतल्या बायका खातील का, येतील तरी का, कुणास ठाऊक. फराळ करायचा, दार उघडं ठेवायचं आणि कुणी आलंच नाही तर? त्यापेक्षा काहीच नको.

तेव्हा आई जे बोलली ते मी स्वतः ऐकलंय.

"तू दार उघडा ठेव, रोजी," आई म्हणाली. "पयली मी येतंय. मी इलंय काय सगळ्यो येतल्यो. ह्या वर्साक माकाच म्हायार समज."

आणि ते खरंच होतं बरं का. आमच्या मजल्यावर आईचा शब्द चालायचा. हळदीकुंकू असो की बारसं, आईने उंबरा ओलांडला की मागून बाकीच्यांची रांग लागायची. आई नाही गेली, तर कुणी जायचं नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ठरलं. नाताळच्या सकाळी काका-काकी देवळातून, म्हणजे चर्चमधून, परत आले की सगळा मजला त्यांच्याकडे फराळाला. रात्रीच्या मिस्साला ती जायची नाहीत, थंडीत काकीचा दमा उसळायचा, म्हणून सकाळचीच प्रार्थना. आणि सजावट? काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गजा, गोठो करूचो हा. करशीत?"

गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. बैल, गाढव, मेंढपाळ, आईबाप आणि मधोमध गव्हाण. मी याआधी कधी केला नव्हता. पण मखरवाल्याला असं विचारायचं असतं का? मी त्याच दिवशी पुठ्ठे आणले.

काय काय केलं म्हणून विचारू नका. गोठ्यामागे डोंगर केला, डोंगरात धबधबा केला, धबधब्याखाली मोर बसवला. डोंगरावर बर्फ हवा म्हणून मिलमधला टाकाऊ कापूस आणून पसरला. मी काकांना विचारलं, तिकडे बर्फ पडायचा का हो? काका म्हणाले, ठाऊक नाही, पण नाताळच्या कार्डावर असतो. नाताळचं झाड हवं होतं, तर मी दादर चौपाटीवरून सुरूची फांदी आणून डालडाच्या डब्यात रोवली आणि तिला गणपतीतल्या उरलेल्या झिरमिळ्या लावल्या. खिडकीत चांदणीचा कंदील केला, आणि त्याच्या पाच टोकांवर लाल अक्षरांत लिहिलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. त्यावर मात्र काकी कुरकुरली. ही चांदणी तीन राजांना बाळाची वाट दाखवायला असते म्हणाली. काका म्हणाले, दाखवू दे की, येता येता वाचतील.

पण एक गोष्ट काकांनी मला बजावून सांगितली. झाड, कंदील, कापूस, मोर, ही सगळी हौस. हौशीत तुला वाटेल ते कर. गोठ्यातली माणसं मात्र हौस नव्हे. ती माझी मी मांडणार.

मी मान डोलावली. पण नीट ऐकलं कुठे? माझं लक्ष धबधब्यात.

चोवीस तारखेला सकाळी काकांच्या माळ्यावरून मूर्तींची पेटी उतरवली. उतरवली म्हणजे शिडीच्या शेवटच्या पायरीवर माझ्या हातून निसटली. आतून खळ्ळ असा आवाज आला. काका कामावर, काकी स्टोव्हसमोर नेवऱ्या तळत होती, नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. तिने ऐकलं नाही. मी पेटी उचलून सरळ आमच्या खोलीत आणली आणि उघडली. मातीच्या मूर्ती जुन्या पेंढ्यात गुंडाळलेल्या. एकेक काढून पुसली, सगळ्या धड. हुश्श केलं. पेंढा मात्र कुजका, झुरळांनी भरलेला. म्हटलं असल्या पेंढ्यावर देवाला ठेवायचं? मी तबेल्यातून ताजा पेंढा आणला आणि जुना आईला दिला. आई पाणी तापवायला बसलीच होती. तिने तो बंबात सारला.

दुपारी काका आले, त्यांनी मूर्ती मांडल्या. मांडता मांडता गाढव हातात घेऊन म्हणाले, याचा एक कान गेला वाटतं, पेंढ्यात पडला असेल, बघ नंतर. मी बरं म्हटलं. पेंढा कुठे आहे ते नाही सांगितलं.

मग मी काकांना माझी शेवटची करामत सांगितली. देखाव्याला पडदा लावायचा! लालबागच्या देखाव्याला पडदा नको? सकाळी सगळा मजला जमला की दोरी ओढायची, पडदा बाजूला, दिवे लागणार. तोवर कुणी उघडायचा नाही. काकांना ते पटलं.

संध्याकाळी काका-काकी पाद्रीकडे कुमसाराला गेली, म्हणजे आपल्या चुका सांगून माफी मागायला. जाता जाता काकीने आमच्याकडे किल्ली दिली, मला दिव्यांची वायर जोडायची होती म्हणून. दिवेलागणीची वेळ होती. मी एकटा त्यांच्या खोलीत शिरलो, पडदा सारला, वायर जोडली, बटण दाबलं. धबधबा झळकला. मोर चमकला. आई मारिया गुडघे टेकून बसलेली, जोसेफ काठी घेऊन उभा, मेंढपाळ हात जोडून, बैल मान वाकवून, सगळेच्या सगळे गव्हाणीकडे बघतायत.

आणि गव्हाण रिकामी.

नुसता पेंढा. मी वाकून बघितलं. पेंढा उचकला. खाली बघितलं, मोराच्या मागे बघितलं. पेटी उलटी करून झटकली. बाळ नाही! ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच नाही!

मला सगळं एका क्षणात कळलं, किंवा कळलं असं वाटलं. पेटी पडली तेव्हा खळ्ळ झालं. गाढवाचा कान पेंढ्यात गेला. मग बाळही पेंढ्यातच गेलं असणार, एवढंसं तर असतं. आणि पेंढा गेला बंबात. आणि त्या पाण्याने मी आंघोळ केली होती, आईने केली होती, शेजारच्या राणेकाकूंनी बादलीभर मागून नेलं होतं.

काकांना का नाही विचारलंस, असं तुम्ही म्हणाल. काय विचारू? तुमचा देव कुठाय, मी जाळला तर नाही ना? आणि काकीला काय सांगू? माहेर तुटलं म्हणून रडणाऱ्या बाईला सांगू की तुझ्या माहेरची शेवटची मूर्तीही गेली? ती पेटी तिच्या आईची होती हो.

मी घरी धावलो. आई मोरीत बसून भांडी घासत होती, बंबातल्याच राखेने. मी राखेचं पातेलं तिच्या हातातून ओढलं आणि बोटांनी चाळायला लागलो. काय शोधतोस म्हणाली, मी म्हटलं खिळा. आणि सापडलं की! नखाएवढा मातीचा तुकडा, काळाठिक्कर, जरासा वाकलेला. मला तो हातच वाटला. चिमुकला, वाकलेला हात. मी तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि गॅलरीत जाऊन खरोखर डोळे पुसले. बाकीचं बाळ राखेत कसं विरघळेल, माती भाजली की पक्की होते, हे कुणाला कळायला हवं? दर वर्षी मातीत हात घालणाऱ्याला. नाही कळलं.

मग म्हटलं, गजा, तू मूर्तिकाराच्या हाताखालचा आहेस. गणपतीतली शाडू उरली होती, ती भिजवली आणि बाळ करायला बसलो. पण हाताला वळण एकच! पहिलं बाळ केलं, त्याला पोट सुटलेलं. ते मोडलं. दुसऱ्याचे कान सुपाएवढे झाले. तिसऱ्याला तर मी अभावितपणे एक मांडी मोडून बसवलं. सोंड तेवढी नव्हती. येशूच्या गव्हाणीत हे ठेवलं असतं तर तीन राजे मोदक घेऊन आले असते.

काका-काकी कधीही परत येतील. मी घाम पुसत वर बघितलं, आणि समोर आमचा देव्हारा.

देव्हाऱ्यात आईचा बाळकृष्ण. पितळेचा, रांगणारा, एक हात वर आणि त्या हातात लोण्याचा गोळा, डोक्याला मोरपीस. माहेरून आणलेला. लग्नात तिच्या आईने ओटीत घातला होता. रोज सकाळी त्याला आंघोळ घातल्याशिवाय आई चहाचा घोटही घ्यायची नाही. मोजायला गेलं तर गव्हाणीत अगदी बेताचा.

आता मला शिव्या घालू नका. मी मनातल्या मनात दोघांचीही माफी मागितली. दोघंही बाळंच, दोघांचाही जन्म अडचणीतला, एका रात्रीपुरतं एकमेकांना सांभाळून घेतील. सकाळी आईची आंघोळ व्हायच्या आत मी दादरच्या बाजारात जाणार, एक बाळ येशू विकत आणणार, ते गव्हाणीत, बाळकृष्ण देव्हाऱ्यात, कुणाला पत्ता नाही. आई भांडी ठेवायला वळली, मी बाळकृष्ण उचलला. काकांच्या खोलीत जाऊन त्याला कापसात असा गुंडाळला की लोण्याचा गोळा झाकला गेला, मोरपीस झाकलं गेलं, नुसता चेहरा उघडा. सर्दी झालेल्या पोराला कानटोपी घालतात तसा दिसत होता. गव्हाणीत ठेवला, पडदा ओढला, काका-काकी आल्यावर किल्ली परत केली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

उजाडताच दादर गाठलं. चर्चजवळ मूर्तींची एक गाडी होती, तिथला माणूस आवराआवर करत होता. मी बाळ येशू मागितला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दिवाळी संपल्यावर उटणं मागतोय. बाळं सगळी खपली म्हणाला, म्हातारे उरलेत, आणि लाल टोपीतला, पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा माझ्यापुढे धरला. आता तो गव्हाणीत कुठे निजवू?

हात हलवत परत आलो. जिन्यातच आवाज ऐकला. आमच्या दारात ही गर्दी! सगळ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून, गजरे माळून रोजीकाकीकडे जायला तयार झालेल्या, आणि सगळ्या आमच्या दारात. आत आई देव्हाऱ्यासमोर बसलेली.

"माझो किसना खंय गेलो?" एवढंच ती परत परत म्हणत होती.

चहा घेतला नव्हता. पाणीसुद्धा नाही. देव सापडल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणाली. आणि आई नाही म्हणजे मजला नाही. मजला नाही म्हणजे रोजीकाकीचा नाताळ नाही.

त्यात राणेकाकूंनी हळूच सुरुवात केली. काल तिन्हीसांजेला तुमच्याकडे कोण कोण आलं होतं? रोजीच आली होती ना किल्ली द्यायला? तसं काही नाही म्हणा, आपलं विचारलं.

आईने मान वर केली. "रोजीचा नाव घेवं नको," ती म्हणाली. पण बोललेलं कुठे जातं? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात काका-काकी देवळातून परत आले. काकीने नवं लुगडं नेसलं होतं, मोत्यांची माळ घातली होती. तिने दार सताड उघडलं. आत चटया अंथरलेल्या, नेवऱ्यांची आणि दोदोलची, म्हणजे गूळ-नारळाच्या मऊ वड्यांची, ताटं जाळीखाली झाकलेली. ती दारात उभी राहिली. समोर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, साऱ्या मजल्याच्या पाठी तिच्याकडे. मी तिथून जाऊ लागलो तर तिने मला थांबवलं.

"गजा," ती म्हणाली, "तुझी आये येतली मां रे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आपण हे धाडस करायलाच नको होतं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मला रडूच आलं. ठरवलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, आधी आईचा बाळकृष्ण काढायचा. काकी दारातच होती, काका आत कोट काढत होते. मी म्हटलं, जरा वायर बघतो, आणि पडद्यामागे हात घातला. गव्हाणीत बोटं पोचली. कापूस लागला. बाळकृष्ण हातात आला.

आणि मनगटावर काकांचा हात.

"हातात काय तां?" काकांनी विचारलं. "दाखय."

काकांनी कापूस उलगडला. मोरपीस निघालं. लोण्याचा गोळा निघाला. आईचा किसना त्यांच्याकडे बघून हसत होता, त्याला काय, तो कायमच हसतो. मग माझा बांध फुटला. पेटी पडली इथपासून सगळं सांगितलं. पेंढा, बंब, राख, शाडूची बाळं. शेवटी खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, काका, एवढंच उरलं.

काकांनी पुडी उघडली. तुकडा उजेडात धरून बघितला. मग गोठ्यातलं गाढव उचललं आणि तुकडा त्याच्या डोक्याला लावला. फिट्ट बसला.

"ह्यो गाढवाचो कान," काका म्हणाले. आणि तो परत माझ्याच हातावर ठेवला. "तुझ्याकडेच ऱ्हांव दे."

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. रुमाल काढला, उलगडला. आत बाळ येशू! अख्खा, गोरागोमटा, दोन्ही हात पसरून. बाळ पेटीत नव्हतंच, काकांच्या ट्रंकेत वेगळं होतं; नाताळच्या सकाळी त्याला देवळात न्यायचं, पाद्रीबाबाचा आशीर्वाद घ्यायचा आणि परत आल्यावरच गव्हाणीत ठेवायचं. काकीच्या आईपासूनची रीत.

"अरे, बाळ आज जल्माक येता," काका शांतपणे म्हणाले. "काल खंयसून असतला?"

मंडळी, त्या वेळी खालच्या मजल्याची जमीन दुभंगून मी तळघरात गेलो असतो तरी चाललं असतं.

काकांनी बाळकृष्ण मला दिलाच नाही. त्यांनी त्याला त्याच रुमालावर ठेवलं आणि मला म्हणाले, जा, आईला बोलाव, तिचा देव ती स्वतः नेऊ दे. मी गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं. आईने माझ्या थोबाडीत दिली नाही, वेळच नव्हता. ती उठली आणि त्या लांबलचक गॅलरीतून जवळजवळ धावत निघाली. तिच्या मागे राणेकाकू, राणेकाकूंच्या मागे सगळा मजला. तमाशा कोण सोडणार? रोजीकाकीला कळेना हे काय चाललंय. तिच्या उंबऱ्यावर सगळ्यात आधी पाऊल पडलं ते आईचं, कबूल केल्याप्रमाणे.

आईने बाळकृष्ण उचलला, छातीशी धरला, पदराने पुसला. मग तिची नजर गोठ्याकडे गेली. काका तेव्हाच बाळाला गव्हाणीत ठेवत होते. आई बघत राहिली. नंतर रोजीकाकीला म्हणाली, हा तुमच्याकडे रात्रभर पाहुणा म्हणून राहिला, आता याला उपाशी कसा नेऊ? त्याची पूजा व्हायची आहे, पाणी दे, काहीतरी गोड दे.

रोजीकाकीने तांब्या आणला. आईने तिथेच त्याला आंघोळ घातली. काकीने एक नेवरी त्याच्यापुढे ठेवली. आईने नैवेद्य दाखवला आणि मग तीच नेवरी उचलून स्वतः खाल्ली, सगळ्यांच्या देखत. नारळ मायंदाळ घातलास म्हणाली. काकी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि आईने तिला जवळ घेतलं. राणेकाकूंनी मुकाट्याने ताट पुढे ओढलं. दोन नेवऱ्या खाल्ल्या आणि तिसरी पदरात बांधली.

पडद्याची दोरी कुणी ओढलीच नाही. माझ्या धबधब्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. सगळा मजला काकांभोवती बसून राखेची गोष्ट ऐकत होता, आणि तो मितभाषी माणूस त्या दिवशी काय बोलला म्हणून सांगू!

पुढे मे महिन्यात महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. काकीचा भाऊ आमच्या गणपतीला आला. वाद त्याने सोडला नाही, पण आता तो मोदक खात खात घालत होता. रोजीकाकी त्याला वाढत होती आणि त्याला नि काकांना, दोघांनाही गप्प बसा म्हणत होती.

पण त्या गणपतीचं खरं सांगायचं ते वेगळंच. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी माझं मखर तयार झालं. महाराष्ट्राच्या नकाशाचं, काठावर दिवे, मधे रेशमी गादीचा चौरंग. सगळा मजला बघायला जमला. मी छाती काढून उभा. पास्कूकाका आले. पुढे झाले, मखरात डोकावले. गादी उचलून खाली बघितलं. पुठ्ठ्याच्या मागे वाकून बघितलं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे वळले.

"गजा," ते म्हणाले, "गणपती खंय दिसना नाय रे. बंबात बघितलंस?"

मी रिकाम्या चौरंगाकडे बघितलं. इतकी वर्षं मी स्वतःच्या हाताने रिकामं मखर बांधतोय, रात्रभर तसंच ठेवतोय, आणि सकाळी गणपती आणायला जातोय. एकदाही मला वाटलं नव्हतं की हरवला.

आणि माझी आई, माझी सख्खी आई, उठली आणि मोरीतून राखेचं पातेलं घेऊन आली.